काचेआडची वधूपुष्पे : युरोप-अमेरिकेतील चौकटबद्ध पुष्पगुच्छांच्या रचनाशैलींचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

विवाहप्रसंगी वधूने हाती धरलेला अथवा मस्तकी धारण केलेला फुलांचा साज वाळवून, चौकटीत बसवून जतन करण्याची प्रथा युरोप व अमेरिकेतील मध्यमवर्गात एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. कलेतिहासाच्या ग्रंथांत या वस्तूंना क्वचितच स्थान मिळते. त्यांची गणना 'घरगुती हस्तकला' या सदरात होते आणि तेथेच तो विषय संपतो. वस्तुतः फूल काचेआड कोणत्या रीतीने बसवावयाचे, हा प्रश्न केवळ सजावटीचा नव्हता. फूल सपाट करावे की त्याचा उठाव राखावा, गुच्छ जसा होता तसा पुन्हा उभारावा की त्यातील एकेक फूल सुटे मांडावे, खरे फूल ठेवावे की त्याची न कोमेजणारी प्रतिकृती, या प्रत्येक निवडीमागे आपण नेमके काय जपत आहोत याविषयीची एक धारणा होती. प्रस्तुत लेखात या निवडींचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी वाचकास ही प्रथा काहीशी अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे वाहिलेल्या फुलांचे निर्माल्य होते आणि निर्माल्याचे विसर्जन करावयाचे असते. लग्नातील मोत्यांच्या मुंडावळ्या पेटीत राहतात, फुलांचे हार राहत नाहीत. त्यामुळे सुकलेले फूल भिंतीवर टांगण्यामागील मनोभूमिका समजून घेण्यासाठी तिचा उगम जेथे झाला त्या परंपरेकडेच वळावे लागते.

वनस्पतिशास्त्रज्ञाचा कागद

फूल दाबून, वाळवून कागदावर चिकटविण्याची शास्त्रीय पद्धती सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीत आकारास आली. तिचे श्रेय सामान्यतः बोलोन्या व पिसा येथे अध्यापन करणाऱ्या लुका गिनी (१४९०–१५५६) यास दिले जाते. त्याचा स्वतःचा संग्रह उपलब्ध नाही. परंतु त्याच्या प्रभावाखाली तयार झालेल्या उलिस्से आल्द्रोवांदी याचा संग्रह बोलोन्यात आजही आहे. पुढे अठराव्या शतकात कार्ल लिनिअस याने एका कागदावर एकच वनस्पती चिकटवावी व कागद बांधून न टाकता सुटे ठेवावेत, असा आग्रह धरला. वर्गीकरण बदलले की कागदाची जागा बदलता यावी, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता.

या कागदाने एक दृश्य व्याकरण घडविले. पांढरी पार्श्वभूमी, देठासह पूर्ण वनस्पती, पानाची एक बाजू वर व एक खाली, एक फूल उमललेले व एक कळी, आणि तळाशी नाव. येथे सौंदर्य हे उद्दिष्ट नव्हते, ओळख पटविणे हे होते. मात्र घरगुती पुष्पचौकटींच्या पुढील इतिहासात ही शैली वारंवार डोके वर काढते. आजही 'वनस्पतिशास्त्रीय शैली' म्हणून जी रचना सुचविली जाते, ती याच कागदाची वंशज होय.

शास्त्र व शोभा यांच्या सीमेवरील सर्वांत लक्षणीय उदाहरण मेरी डिलेनी (१७००–१७८८) या इंग्रज विदुषीचे आहे. वयाच्या बहात्तराव्या वर्षी तिने रंगीत कागदाच्या बारीक तुकड्यांपासून फुले रचण्यास आरंभ केला आणि पुढील दशकभरात सुमारे एक हजार चित्रे पूर्ण केली. त्यांपैकी ९८५ चित्रे १८९७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. प्रत्येक चित्रात वनस्पती शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. पण पार्श्वभूमी पांढरी नसून गडद काळी आहे. या एका बदलाने सारा परिणाम पालटतो. पांढऱ्या कागदावर फूल नोंदीसारखे दिसते, तर काळ्यावर ते रंगमंचावर आल्यासारखे भासते. काही चित्रांत तिने कागदी पाकळ्यांच्या जोडीला खरे पानही चिकटविले आहे. खऱ्या-खोट्याची ही बेमालूम जुळणी पुढच्या शतकात व्यापाराने उचलली, तेव्हा तिचे स्वरूप बरेच बदलले होते.

अमेरिकेत एमिली डिकिन्सन हिने किशोरवयात तयार केलेला वनस्पतिसंग्रहही याच सीमेवरचा आहे. बांधीव वहीच्या ६६ पृष्ठांवर ४२४ नमुने आहेत. अनेकांखाली लिनिअसच्या पद्धतीनुसार नावे लिहिलेली आहेत. परंतु पृष्ठावरील मांडणी वर्गीकरणानुसार नाही. एका मोठ्या नमुन्याभोवती लहान नमुने झुकलेले, देठ एकमेकांस छेदणारे, डाव्या-उजव्या बाजूंचा तोल सांभाळणारे अशी ती रचना आहे. पुढे कवयित्री म्हणून विख्यात झालेल्या या मुलीने शास्त्राचे साहित्य घेऊन गुच्छाचे व्याकरण वापरले, असे म्हणणे अतिशयोक्त ठरणार नाही.

काच स्वस्त होणे

भिंतीवरील खोल चौकट व मेजावरील काचेची घुमटी यांचा प्रसार अभिरुचीतील बदलाने जितका झाला, तितकाच तो करआकारणीतील बदलानेही झाला. ब्रिटनमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द करण्यात आला. तत्पूर्वी काच वजनावर कर भरून घ्यावी लागे, त्यामुळे जाड व मोठ्या काचेचा वापर ही श्रीमंतांची मिरास होती. याच सुमारास नॅथॅनिएल वॉर्ड याने बंद काचपेटीत वनस्पती वाढविण्याविषयीचे आपले पुस्तक १८४२ मध्ये प्रसिद्ध केले होते. लंडनच्या काजळीभरल्या हवेत नेचे जगू शकतात, तर वाळलेली फुले धुळीपासून सुरक्षित राहतील हे ओघानेच आले. दिवाणखान्यातील प्रत्येक मौल्यवान वस्तूवर काच चढविण्याची जी हौस व्हिक्टोरियन काळात दिसते, तिची ही भौतिक बाजू दुर्लक्षिता येत नाही.

पांढऱ्या फुलाची अडचण

१० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाने विवाहसमयी मस्तकावर कडू नारिंगाच्या फुलांचा मुकुट धारण केला. नारिंगाचे झाड एकाच वेळी फुलते व फळते, म्हणून ते सुफलतेचे. आणि फूल पांढरे, म्हणून ते कौमार्याचे प्रतीक मानले जाई. फ्रान्समध्ये ही समजूत आधीपासूनच होती. १८१९ मध्ये शार्लोत द लातूर या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या फुलांच्या भाषेवरील फ्रेंच पुस्तकानंतर अशा संकेतांचे कोशच निघू लागले. राणीच्या अनुकरणाने पांढरे फूल वधूचे अधिकृत फूल बनले.

येथेच जतनाची मूळ अडचण उभी राहते. वाळविताना पांढरे फूल पांढरे राहत नाही. पाकळीतील पेशी फुटल्या की त्यांतील फिनॉलवर्गीय द्रव्ये हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात आणि पाकळी तपकिरी होते. कापलेले सफरचंद काळवंडते तीच ही क्रिया. पिवळ्या फुलांतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये तुलनेने टिकाऊ असतात, तर लाल-निळ्या फुलांतील अँथोसायनिन प्रकाशाने विटते. म्हणजे ज्या फुलाला शुभ्रतेमुळे अर्थ प्राप्त झाला होता, नेमके तेच फूल जतनास सर्वांत प्रतिकूल होते. वधूच्या शुचितेचे चिन्ह डागाळलेल्या पाकळीच्या रूपात भिंतीवर टांगणे कोणत्याही कुटुंबास रुचणारे नव्हते. यावर तीन निरनिराळ्या ठिकाणी तीन निरनिराळी उत्तरे शोधण्यात आली आणि त्यांतूनच तीन शैली निर्माण झाल्या.

इंग्लंडच्या राजघराण्याने या प्रश्नास दिलेली उत्तरेही येथे नोंदविण्यासारखी आहेत, कारण त्यांत चौकटीचा संबंधच येत नाही. प्रिन्स आल्बर्टने १८३९ ते १८४६ या काळात राणीस सोन्याची पाने व चिनी मातीची फुले असलेला नारिंगपुष्पांचा अलंकारसंच टप्प्याटप्प्याने भेट दिला. त्यातील १८४६ च्या मुकुटात हिरव्या मुलाम्याची चार लहान नारिंगे आहेत. तोवर झालेल्या चार अपत्यांचे ते निदर्शक होत. दुसरे उत्तर याहून साधे होते. १८४५ मध्ये गोथा येथे आल्बर्टच्या आजीने राणीस दिलेल्या गुच्छातील मर्टलची डहाळी ऑझबर्न येथे लावण्यात आली आणि त्या झुडपाची डहाळी १८५८ मध्ये ज्येष्ठ राजकन्येच्या विवाहगुच्छात वापरली गेली. फूल वाळविण्याऐवजी त्याचे झुडूप वाढवावे, हा उपाय अर्थातच ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी बाग आहे त्यांच्यासाठीच होता.

फ्रेंच घुमटी : प्रतिकृतीची शैली

फ्रान्सने खऱ्या फुलाचा नाद सोडला. दुसऱ्या साम्राज्याच्या काळात (१८५२–१८७०) तेथील सामान्य कुटुंबांत 'ग्लोब द मारिए', म्हणजे वधूची काचघुमटी, रूढ होऊ लागली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत तिचे प्रस्थ टिकले. काळ्या लाकडी बैठकीवर लाल मखमलीची गुंडीदार गादी, तिच्यावर वधूचा मेणाच्या नारिंगकळ्यांचा मुकुट, भोवती ठसे मारून घडविलेल्या सोनेरी पितळी पानांची महिरप, मधूनमधून छोटे आरसे, आणि या साऱ्यावर काचेची उंच घुमटी अशी तिची सर्वसाधारण रचना असे. तारेच्या टोकावर मेणात बुडवून केलेल्या या कळ्या पन्नास वर्षांनंतरही पांढऱ्या दिसत. उत्तर फ्रान्समधील खेड्यात नारिंगाची ताजी फुले मिळणे दुर्मीळच होते, म्हणून लग्नात घातलेला मुकुटही बहुधा मेणाचाच असे. अशा रीतीने येथे जतन केली जाणारी वस्तू मुळातच फूल नव्हती. तरीही ती खोटी होती असे म्हणता येणार नाही; वधूने त्या दिवशी धारण केलेली वस्तू तीच होती. इंग्रज गुच्छाच्या वाळलेल्या अवशेषापेक्षा फ्रेंच मेणमुकुट हा त्या दिवसाचा अधिक अविकृत साक्षीदार ठरतो.

या घुमटीतील प्रत्येक घटकाला अर्थ चिकटविण्यात आले. मधला मोठा आरसा सत्याचा, लहान आरशांची संख्या अपेक्षित अपत्यांची, ओकचे पान सामर्थ्याचे, द्राक्षाचा घोस समृद्धीचा, पक्ष्यांची जोडी प्रेमाची, असे ते सांगितले जातात. हे सारे अर्थ प्रत्येक वधूच्या मनात होतेच, असे मानणे धाडसाचे होईल. पितळी पाने कारखान्यात ठोक बनत आणि दुकानदार ती सुटी विकत. निवड उपलब्ध मालातून व ऐपतीनुसार होई. तथापि या घुमटीची एक बाब खास उल्लेखनीय आहे. ती लग्नाच्या दिवशी पूर्ण होत नसे. संसारातील पुढील प्रसंगांची चिन्हे, कधी बाळाच्या केसांची बट, कधी छायाचित्र, काच उचलून आत ठेवली जात. रचनेत मोकळी जागा राखणे हा या शैलीचा भाग होता. अपत्यप्राप्तीनंतर हिरवी नारिंगे जोडणाऱ्या आल्बर्टच्या अलंकाराशी तिचे नाते येथे जुळते; एक राजप्रासादात घडले, दुसरे शेतकऱ्याच्या घरात, एवढाच काय तो फरक.

जर्मन चौकट : वर्तुळाची शैली

जर्मन भाषक प्रदेशांत वधूचा मुकुट मर्टलचा असे. मर्टलची बारीक, चिवट पाने वाळल्यावरही आकार सोडत नाहीत. हिरवा रंग फिका पडतो, पण पान डागाळत नाही. तेथे खरी वनस्पती जपणे शक्य झाले, ते या वनस्पतीच्या गुणामुळे. मुकुट खोल, पेटीसारख्या चौकटीत गोलाकार मांडला जाई, वराच्या कोटावरील डहाळी त्याशेजारी ठेवली जाई आणि वर्तुळाच्या मध्यभागी विवाहाचा दिनांक, एखादे स्मरणवचन व पुढील काळात दांपत्याचे छायाचित्र बसविले जाई. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी याने लहान आकाराच्या स्वस्त छायाचित्रांचे पेटंट घेतल्यानंतर मध्यभागाची ही जागा छायाचित्राने बळकावली, हे क्रमाने आलेच. विवाहाच्या २५ व्या वर्षी रुपेरी आणि ५० व्या वर्षी सोनेरी मर्टलमुकुट देण्याच्या प्रथेमुळे एकाच घरात हिरवी, रुपेरी व सोनेरी वर्तुळे शेजारी-शेजारी टांगलेली दिसत. ही चौकट जणू क्रमशः प्रकाशित होणारी कुटुंबाची कालगणनाच होती.

ग्रीसमध्ये वधूवरांचे रिबिनीने जोडलेले मुकुट ठेवण्यासाठी 'स्तेफानोथिकी' नामक स्वतंत्र पेटी असते व ती बहुधा घरातील देवप्रतिमांजवळ ठेवली जाते. तिचा संबंध धर्मविधीशी अधिक आहे, म्हणून येथे केवळ निर्देश पुरे.

अमेरिकेतील 'छायागुच्छ'

तिसरे उत्तर सर्वांत विलक्षण आहे. फिलाडेल्फियाचे औषधनिर्माते एडवर्ड पॅरिश यांनी १८६२ मध्ये पानांचे सांगाडे तयार करण्याच्या कलेवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. हेच पॅरिश पुढे स्वार्थमोर कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. पाने व बीजकोश कित्येक आठवडे पाण्यात भिजत ठेवावेत, मऊ भाग कुजला की तो हळुवार पुसून काढावा, उरलेले शिरांचे जाळे क्लोराइडयुक्त चुन्याच्या द्रावणात शुभ्र करावे आणि गडद मखमलीच्या पार्श्वभूमीवर गुच्छरूपाने मांडून काच लावावी, अशी ही पद्धती होती. रंगद्रव्य टिकत नसेल तर ते मुळातच काढून टाकावे, डाग पडणारा भागच शिल्लक ठेवू नये, असा हा औषधनिर्मात्यास साजेसा उपाय होय. पांढरा गुच्छ त्यामुळे खरोखर पांढरा राहिला. पण त्यात फूल नव्हते, फुलाची रेषा होती.

पुस्तिका यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) निघाली आणि या शुभ्र सांगाड्यांकडे शोकाचे चिन्ह म्हणूनही पाहिले गेले. घरोघरी याच काळात मृतांच्या केसांच्या नालाकृती माळा खोल चौकटीत बसविल्या जात. अंत्यविधीतील फुले मेणात बुडवून तशाच पेटीत ठेवण्याची प्रथाही पुढे रूढ झाली. विवाह व मृत्यू या दोन्ही प्रसंगांची फुले एकाच प्रकारच्या पेटीत, एकाच दिवाणखान्यात टांगली जात. दोहोंतील भेद दाखविण्याची जबाबदारी मग रचनेवर येई: अंत्यगुच्छ स्थिर व सममित, विवाहगुच्छ रिबिनीसह व खाली झुकलेला.

हे सारे काम स्त्रिया करीत. १८३७ ते १८७७ या काळात सॅरा जोसेफा हेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या 'गोडीज लेडीज बुक'सारख्या नियतकालिकांनी अशा दिवाणखानी कलांचा प्रसार केला. इंग्लंडमध्ये एमा पीची यांनी १८५१ मध्ये मेणपुष्पांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कलाशाळांची दारे बहुतांश बंद असलेल्या स्त्रियांसाठी पार्श्वभूमीचा रंग, तोल, खोली यांसंबंधी निर्णय घेण्याचे हे एक मोकळे क्षेत्र होते. १८६८ मध्ये चार्ल्स ईस्टलेक यांच्या गृहशोभेवरील पुस्तकाने दिवाणखान्यातील अतिसजावटीवर टीका केली आणि पुढे साधेपणाची अभिरुची प्रबळ होत गेली, तेव्हा या वस्तू माळ्यावर गेल्या. टीका अनेक अंशी योग्य होती. मात्र तिने शैलीबरोबर ती घडविणाऱ्या हातांचीही बोळवण केली.

विसाव्या शतकातील पुनरागमन

शतकाच्या अखेरीस पुष्पगुच्छाचा आकारच बदलला. हातात मावणाऱ्या गोल गुच्छाऐवजी गुडघ्यापर्यंत ओघळणारा गुच्छ लोकप्रिय झाला. तो कोणत्याही पेटीत मावणारा नव्हता. शिवाय लग्नाचे छायाचित्र आता स्वतंत्रपणे भिंतीवर आले होते. तरीही तंत्राची वाट थांबली नाही. १९१९ मध्ये वॉल्टर पॅट्रिक यांना सिलिका जेलचे पेटंट मिळाले. ओलावा झपाट्याने शोषणाऱ्या या कणांत पुरून गुलाब त्याच्या उठावासह वाळविता येऊ लागला. गोठवून वाळविण्याची पद्धती दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रवासाठी मोठ्या प्रमाणावर विकसित झाली व नंतर फुलांपर्यंत पोहोचली. जपानमध्ये 'ओशिबाना' ही दाबपुष्पांची कला काचेआडील हवा व ओलावा काढून टाकण्याच्या तंत्रापर्यंत गेली. मोनॅकोच्या राजकुमारी ग्रेस यांच्या १९८० च्या पुस्तकाने दाबलेल्या फुलांच्या चित्ररचनेस प्रतिष्ठा मिळवून दिली.

आज वधूचा गुच्छ चौकटीत बसविताना जी निवड करावी लागते, तिच्यात जुन्या शैली स्पष्ट ओळखू येतात. देठांसह सुटी फुले दोन काचांमध्ये मांडली तर तो वनस्पतिशास्त्रज्ञाचा कागद होय, केवळ कागद पारदर्शक झालेला. खोल पेटीत उठावासह ठेवलेला गुच्छ जर्मन चौकटीचा वारस. गुच्छ सपाट करून पुन्हा गुच्छाच्याच आकारात रचणे ही मात्र सर्वांत कष्टाची व सर्वांत संदिग्ध शैली आहे. गुलाब अखंड दाबता येत नाही. त्याची पाकळीन्‌पाकळी वेगळी करून, दाबून, पुन्हा एकीवर एक चढवून गुलाब 'उभारावा' लागतो. त्यासाठी गुच्छ सोडविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतात व त्याबरहुकूम रचना करतात. तपकिरी पडलेल्या पांढऱ्या पाकळ्यांना रंग देण्याची प्रथाही सर्रास आहे. पाकळी खरी, शुभ्रता रंगाची आणि आकार छायाचित्राचा, अशी ही वस्तू तयार होते. फ्रेंच वधूच्या मेणमुकुटापेक्षा तिला अधिक अस्सल का समजावे, याचे सोपे उत्तर नाही.

प्रकाशाची बाब तर कोणत्याच शैलीला टाळता आलेली नाही. अतिनील किरण शोषणारी काच विटण्याचा वेग कमी करते. दृश्य प्रकाशाचा परिणाम ती थांबवू शकत नाही. संग्रहालये अशा नाजूक वस्तूंसाठी सामान्यतः ५० लक्सची मर्यादा पाळतात, आणि सामान्य घरातील खिडकीजवळची भिंत तिच्या अनेक पटींनी उजळ असते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील ज्या चौकटी शिल्लक आहेत, त्यांत रंगसंगतीवर बेतलेल्या रचना आज एकसारख्या तपकिरी दिसतात. वर्तुळ, देठाचा झोक, पानाची कडा यांवर बेतलेल्या रचना मात्र अजून वाचता येतात. मेरी डिलेनीची कागदी फुले काळ्या पार्श्वभूमीवर आजही उठून दिसतात. एमिली डिकिन्सनचा संग्रह हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात आहे, पण तो इतका जीर्ण झाला आहे की मूळ वही अभ्यासकांना सहसा हाताळू दिली जात नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली तिची छायाप्रत पाहूनच त्यांना काम करावे लागते.